सासूबाई म्हणतात, तीन महिने कुणाला सांगू नको

कामावरची बाई : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

काकू, नमस्कार.

मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते, वय २८. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, पण कंपनीच्या रोलवर नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या. गेल्या १ जुलैला लागले. पगार १८,५००. शेवटची पाळी ३० नोव्हेंबरची, आज २५ जानेवारी, म्हणजे आठ आठवडे झाले. सोनोग्राफीत ठोके दिसलेत. घरात सासूबाई, सासरे, नवरा आणि मी. नवऱ्याचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे.

सासूबाईंचं म्हणणं, तीन महिने होईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. माझं काम कास्टिंगची डीपी टेस्ट करायचं, म्हणजे ओतलेल्या भागावर स्प्रे मारून बारीक चिरा शोधायच्या. त्या स्प्रेच्या वासानं आता पोटात ढवळतं. आठवड्यातून दोनदा मागच्या शेडमध्ये कास्टिंगचा एक्स-रे असतो, तेव्हा पार्ट लावून द्यायला मी जाते. न सांगता हे कसं टाळू? आणि सांगितलं तर कॉन्ट्रॅक्टर ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायचा. सात महिन्यांच्या नोकरीवर रजा मिळते का हो? सकाळी सातची शिफ्ट, सव्वासहाला स्कूटी काढते. परवा तावडे हॉटेलच्या पुढं गाडी कडेला घेऊन उलटी केली. राजीनामा देऊन मोकळं व्हावं असं रोज वाटतं.

माहेर कुरुंदवाडचं. पहिलं बाळंतपण आमच्याकडंच, सातव्यात न्यायला येणार, असं आईनं आत्ताच सांगून ठेवलंय. सासरे रोज सकाळी गंगावेशीतनं दूध आणतात आणि धारोष्णच पी म्हणतात, बाळ गुटगुटीत होतं म्हणे. एकाच वेळी सगळं अंगावर आलंय.

– फुलेवाडीची एक वाचक

*

राजीनामा लिहू नकोस. बाकीचं सावकाश बोलू.

हे एवढ्या तावानं का सांगते, ते ऐक. १९९३ साली मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. दहावा आठवडा चालू होता. केएमटी बसच्या डिझेलच्या वासानं जीव नकोसा व्हायचा, पदर नाकाला लावून बसायची. पर्समध्ये प्लॅस्टिकची पिशवी कायम. एका सोमवारी साहेबांनी अगदी मायेनं एक कोरा कागद पुढं सरकवला, “बाई, कशाला जिवाला त्रास करून घेताय?” मी लिहिलं, सही केली, घरी आले. तीन आठवड्यांनी उलट्या बंद. दारात बसून भेंडी चिरत होते आणि एकाएकी लक्षात आलं की मला काहीच होत नाही, मी ठणठणीत आहे. नोकरी मात्र गेली ती गेली. परत कामाला लागायला पाच वर्षं लागली.

नंतर दुसऱ्या ठिकाणी पर्सोनेलला २१ वर्षं काढली. तिथं मी एक खोड लावून घेतली होती. गरोदर बाईचा राजीनामा आला की तो माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, बंद पडलेल्या पंचिंग मशीनखाली जायचा. महिनाभर तिथंच. वर साहेबांकडं जायचाच नाही. नियमात बसत नव्हतं, मला ठाऊक आहे. पण महिन्यानं बाई स्वतःच येऊन “मॅडम, तो कागद फाडा” म्हणायची, बहुतेक वेळा.

उलट्यांचा जोर साधारण नवव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेकींचा ओसरतो. तू नेमकी त्या चढावर आहेस. चढावर गाडी विकायची नसते.

आता सासूबाईंचं. त्यांना हसू नकोस. गर्भ राहिल्याचं कळल्यावरही पहिल्या बारा आठवड्यांत पडण्याचं प्रमाण जास्त असतं. बऱ्याचदा कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं, आईनं काय उचललं नि कुठं बसली याच्याशी त्याचा संबंध नसतो. पूर्वीच्या बायकांना गुणसूत्रं माहीत नव्हती, पण सगळ्या गल्लीला पेढे वाटल्यावर पुन्हा त्याच गल्लीला ‘नाही राहिलं’ म्हणून सांगत फिरणं काय असतं ते माहीत होतं. दृष्ट हा त्यावरचा झाकणशब्द. म्हणून गल्लीला, भिशीच्या ग्रुपला, नणंदेच्या सासरी बारा आठवडे, म्हणजे तुझ्या हिशेबानं २२ फेब्रुवारीपर्यंत, नाही सांगितलंस तरी चालेल.

कंपनीला मात्र याच आठवड्यात सांग. कारण तो एक्स-रे.

आधी घाबरायचं नाही. मशीन किंवा किरणं सोडणारा सोर्स बंद असताना तू पार्ट लावून बाहेर आली असशील तर तुला काही लागलेलं नाही. एक्स-रे काढून झालेलं कास्टिंगही पुढं किरणं सोडत नाही. त्याला हात लावला म्हणून काही होत नसतं. पण एक विचारते. शूटिंग करणाऱ्या, म्हणजे एक्स-रे काढणाऱ्या माणसाच्या छातीला टीएलडीचा, अंगावर पडलेली किरणं मोजणारा बिल्ला असतो, बघितला असशील. तुझ्या छातीला आहे का? नसेल तर त्या शेडच्या दोरीच्या आत तुला कुणी बोलवायलाच नको होतं, गरोदर असो वा नसो. त्या कामाला अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत, किरण-सुरक्षेची जबाबदारी नेमून दिलेला अधिकारी असतो. आणि बाई गरोदर आहे असं कळवलं की तिच्या पोटातल्या जिवासाठी मर्यादा वेगळी, फार कडक. पण ती कळवल्यावरच लागू होते. गर्भधारणेपासून आठ ते पंधरा आठवडे, म्हणजे पाळीपासून मोजलं तर दहा ते सतरा, हा बाळाच्या मेंदूच्या दृष्टीनं किरणांपासून सगळ्यात जपायचा काळ, आणि तुझा तो दोन आठवड्यांत सुरू होतोय. सासूबाईंचे तीन महिने संपायची वाट बघितलीस तर त्यातले पहिले दोन आठवडे गेलेले असतील. त्यांना हे असंच सांग. ज्या बाईनं दृष्टीसाठी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तिला न दिसणाऱ्या किरणांची भीती पटकन समजेल. शूटिंग चालू असताना तू कधी जवळपास थांबली असशील तर तेही तुझ्या डॉक्टर मॅडमना सांग, लपवू नकोस.

डीपीच्या स्प्रेत सॉल्व्हंट असतात. बंद खोलीत दिवसभर ते नाकात जाणं बरं नव्हे. व्हर्निअर-गेजचं इन्स्पेक्शन, रिपोर्ट लिहिणं, डिस्पॅचची कागदपत्रं, क्वालिटीत बसून करायची कामं भरपूर असतात. त्यातलं माग. ‘मला हलकं काम द्या’ असं मोघम म्हणू नकोस, कामाचं नाव घेऊन माग.

तोंडी सांगू नकोस, अर्ज दे. चार ओळी पुरेत:

‘मी गर्भवती असून डॉक्टरांच्या दाखल्यानुसार प्रसूतीची अपेक्षित तारीख ६ सप्टेंबर आहे. तोपर्यंत मला रेडिओग्राफीच्या ठिकाणी व डीपी टेस्टच्या कामावर न पाठवता फायनल इन्स्पेक्शन किंवा रिपोर्टचे काम द्यावे, तसेच सकाळच्या शिफ्टऐवजी जनरल शिफ्ट द्यावी, ही विनंती. सोबत दाखला जोडला आहे.’

खाली सही, तारीख. एक कॉन्ट्रॅक्टरला, एक कंपनीच्या एचआरला. दोन्हींची पोच घे. शिक्का नाही मिळाला तर मेल कर, मेलही नसेल तर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव आणि तो मेसेज पुसू नकोस. कागदावर तारीख पडली की “आम्हाला माहीतच नव्हतं” हे वाक्य गळून पडतं, आणि माझ्या २१ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तेच होतं.

(६ सप्टेंबर कुठून काढली? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. ३० नोव्हेंबरचे ३० ऑगस्ट, वर सात दिवस. सोनोग्राफीवर तारीख थोडी मागंपुढं आली असेल तर मॅडम सांगतील तीच धर.)

रजेचं बघू. तुझी पगाराची चिठ्ठी काढ. त्यात ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या नावानं १३९ रुपये कापलेले दिसले पाहिजेत. १८,५०० चे पाऊण टक्का म्हणजे १३८ रुपये ७५ पैसे, तिथं वरचा पूर्ण रुपया धरतात. महिना २१,००० पर्यंत पगार असला की हे लागू. मालकाचा वाटा वेगळा, सव्वातीन टक्के. कापलेत, पण भरलेत का? ईएसआयसीच्या संकेतस्थळावर तुझा विमा नंबर टाकून महिन्यामहिन्याचा भरणा दिसतो, नवऱ्याला दुकानात बसल्या बसल्या बघायला सांग. कापून न भरणारे महाभाग मी बघितलेत.

भरणा असेल तर बाळंतपणाचा पगार तुला कॉन्ट्रॅक्टर देणारच नाही, विमा महामंडळ देणार, थेट बँक खात्यात, सरासरी रोजाच्या पूर्ण दरानं. म्हणजे त्याच्या खिशाला तोशीस नाही. हे त्याला गोडीत समजावून सांग. अर्ध्या कॉन्ट्रॅक्टरांना ते ठाऊकच नसतं आणि उगाच ते बाईला घालवायला बघतात. अट अशी, की बाळंतपणाच्या आधीच्या दोन भरणा-कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी पाहिजे. तुझे ते कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तू जुलैपासून मार्चपर्यंत सलग राहिलीस तर सत्तरच्या कितीतरी पुढं जाशील. म्हणून निदान मार्चअखेरपर्यंत हजेरी तुटू देऊ नकोस, राजीनाम्याचं तर नावच काढू नकोस.

ईएसआय लागू नसलेल्या वाचकांसाठी सांगते, १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, त्याची २०१७ ची दुरुस्ती आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता, तिन्हीकडं अट ८० दिवसांच्या कामाची आहे, प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत. रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. कॉन्ट्रॅक्टवरची, रोजंदारीवरची म्हणून नाही, असं कुणी म्हटलं तर ते चूक. रोजंदारीच्या बायकांना हा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली सांगितलं आणि कराराची मुदत संपली तरी लाभ थांबत नाही असं २०२३ मध्ये. गरोदरपणात कामावरून काढलं म्हणून लाभ बुडत नाही. आणि, देव न करो, गर्भ राहिला नाहीच, तर त्यासाठीही सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. तीसुद्धा दाखल्यावरच मिळते. लपवून ठेवलेल्या दुःखाला रजा मिळत नाही गं.

आता २६ आठवडे कुठून मोजायचे? प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. तू १२ जुलैपासून घेतलीस तर ९ जानेवारीला संपली, आणि बाळ चार महिन्यांचं. १६ ऑगस्टपासून घेतलीस तर १३ फेब्रुवारीपर्यंत, बाळ सव्वापाच महिन्यांचं. सहा महिने नुसतं अंगावरचं दूध, हे ६ मार्चला पुरे होतात. मधले तीन आठवडे साठलेल्या पगारी रजेतून भागव, म्हणून आत्ता डोकं दुखलं, पाहुणे आले म्हणून त्या रजा उडवू नकोस. उलट्या फारच झाल्या तर गरोदरपणातल्या आजारासाठी वेगळा एक महिना असतो, डॉक्टरांच्या दाखल्यावर. तुला तो लागलाच तर तो घे, राजीनामा नको. परत रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी हा हक्क आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर. कागदावर. प्रत्यक्षात त्या खोलीत जुनी रजिस्टरं नाहीत ना, ते आत्ताच डोकावून बघून ये.

सकाळच्या उलटीवर माझा उपाय साधा. उशाशी डबा, डब्यात कोरडं काहीतरी. मी भडंग ठेवायची, बिनलसणाचं. अंथरुणातच चार घास, मग दहा मिनिटं पडून राहायचं, मग उठायचं. रिकाम्या पोटी स्कूटीची किक मारलीस की तावडे हॉटेल ठरलेलंच. दोन-दोन तासांनी थोडं थोडं खा, पाणी घोट घोट. तरी नाही भागलं तर गरोदरपणात चालणारी उलटीची गोळी असते, मॅडमकडं माग, सोसत बसण्यात कसलं पुण्य नाही. पाणीही टिकत नाही, लघवी गडद नि कमी होते, चक्कर येते, रक्त दिसतं, एका बाजूला पोटात जोराची कळ येते किंवा ताप येतो, यातलं काहीही झालं तर शिफ्ट सुटायची वाट बघायची नाही.

स्कूटीवर बसल्यानं गर्भ पडत नाही. पडायची भीती तुझी आहे, हायवेला, ट्रकच्या बाजूला, चक्कर आली तर. जोवर उलट्या आहेत तोवर कंपनीच्या बसची किंवा कुणाच्या तरी चारचाकीची सोय बघ. पोट पुढं आल्यावर तोल बदलतो, तेव्हा तर चालवूच नकोस.

सासऱ्यांचं दूध. गंगावेशीचा कट्टा म्हणजे आपल्या कोल्हापूरचं वैभव. म्हैस दारात, पेल्यात फेस, मिशीला पांढरी कड. मीही प्यालेय. पण धारोष्ण म्हणजे न उकळलेलं, आणि न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरियासारखे जंतू येतात. पोटुशी बाईला ते फार महागात पडतात, गर्भ पडण्यापर्यंत. सासऱ्यांचं मन मोडू नकोस. आणू दे त्यांना रोज. पातेल्यात ओत, चांगली उकळी येऊ दे आणि त्यांच्यासमोर बसून पी. त्यांना दूध आणायचं सुख, तुला निर्धोक पेला.

गुळानं रक्त वाढतं असंही तुला कुणीतरी सांगेलच, आपल्याकडं गूळ म्हणजे औषध. खा हवा तेवढा, पण हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते गुळानं भरून निघत नाही. सध्या फॉलिक ॲसिडची गोळी चुकवायची नाही, तीन महिने पुरे झाले की लोहाची आणि कॅल्शियमची सुरू होईल. त्या दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, एक सकाळी, एक रात्री. लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नाही, निदान तासभर अंतर. लिंबू-पाणी चालेल. शी काळी होते, त्यानं घाबरू नकोस.

तपासण्यांच्या तारखा दुकानाच्या कॅलेंडरवर नवऱ्याला लिहायला लाव, गिऱ्हाइकाची उधारी लिहितो तशा. मानेमागच्या जाडीची सोनोग्राफी १५ फेब्रुवारी ते ७ मार्च यांच्या मध्ये, पुढं ढकलली तर उपयोग संपतो. बाळाच्या अवयवांची ५ ते १९ एप्रिलच्या सुमाराला. साखरेची तपासणी पहिल्या भेटीत झाली असेल, ती परत १७ मे ते १४ जून. धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, मध्ये चार आठवडे. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याचं इंजेक्शन विसरायचं नाही. खासगीत दाखवत असलीस तरी जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदव, माता-बाल कार्ड मिळतं, ते बाळाच्या लसींपर्यंत कामाला येतं. आणि सोनोग्राफीहून आल्यावर ‘काय आहे?’ असं विचारणाऱ्या चुलतसासवांना भिंतीवरचा बोर्ड वाचायला सांग, १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न तू पत्रात शेवटी सहज लिहून गेलीस. कुरुंदवाड.

तुझ्या आईची माया मी समजू शकते. पण तुझी तारीख बघ आणि पंचगंगा बघ. २०१९ च्या ऑगस्टात शिरोळ तालुक्यातल्या गावांतली माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली, कुरुंदवाड-नृसिंहवाडी पाण्यात होती, आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडून कोल्हापुरात दूध-पेट्रोल मिळेना. २०२१ ला पुन्हा, जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात. आमच्याकडं जयसिंगपूरची पाहुणी एका रात्रीसाठी म्हणून आली आणि नऊ दिवस राहिली. तुझा आठवा-नववा महिना नेमका जुलै-ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका, हे आकडे त्या दिवसांत प्रत्येक कोल्हापूरकराच्या तोंडात असतात. त्या वेळी नाव नोंदवलेलं हॉस्पिटल एका तीरावर नि तू दुसऱ्या, असं व्हायला नको.

म्हणून सातव्यात जा. डोहाळजेवण होऊ दे, ओटी भरून घे, आठ दिवस लाड करून घे आणि जूनमध्येच परत ये. बाळंतपण कोल्हापुरात, जिथं पहिल्यापासून फाइल आहे तिथं. आईलाच पाऊस चढायच्या आधी फुलेवाडीला आण. तिला अवघड वाटेल, लेकीच्या सासरी इतके दिवस राहायचं म्हणजे. सासूबाईंनी स्वतः फोन करून बोलावलं तर वाटणार नाही. तो फोन त्यांच्याकडून करवून घेणं, हे तुझं खरं प्लॅनिंग. पाणी उतरल्यावर, बाळ दीड महिन्याचं झालं की दिवाळीला माहेरी जा आणि हवं तेवढं राहा.

फुलेवाडीतही सखल भाग आहेत. तुमच्या दारापर्यंत पाणी आलं होतं का, ते सासऱ्यांना विचार. आलं असेल तर ऑगस्टात हॉस्पिटलच्या बाजूचं कुणाचं घर मिळतं ते आत्ताच बोलून ठेव. फाइल, आधार, रक्तगटाचा कागद, बँकेचं पासबुक एका प्लॅस्टिकच्या चेनच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव. खालच्या नको.

*

काकू, आमच्याकडं राजारामपुरीत स्वयंपाकाला येणारी मुलगी २२ वर्षांची आहे, चौथा महिना लागलाय, पहिलंच. तिला काही सरकारी मदत मिळते का? आणि आम्ही आत्तापासून दुसरी बाई बघावी का?

– एक गृहिणी

*

मदत मिळते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दोन हप्त्यांत. नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. वरच्या पत्रातल्या मुलीला हे मिळणार नाही, कारण तिला कायद्यानं पगारी रजा आहे. तुमच्या मुलीला ती नाही, म्हणून हे आहे. तिच्या गल्लीतल्या आशाताई किंवा अंगणवाडीताई अर्ज भरून देतात. रेशनकार्ड किंवा ई-श्रम कार्ड आणि आधार जोडलेलं तिच्या स्वतःच्या नावाचं खातं लागतं. खातं नवऱ्याच्या नावावर असेल तर तिचं काढून द्या, तुम्ही बरोबर गेलात की बँकेत काम एका फेरीत होतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी तिला सकाळची सुट्टी द्या, न मागता. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या सावित्रीबाई फुले रुग्णालयात बाळंतपण, सिझर झालं तरी, औषधं-रक्तासकट मोफत. न्यायला-आणायला १०२ नंबर. तो तिच्या फोनमध्ये घालून द्या आणि तुमच्याही.

दुसरी बाई बघा, पण तीन-चार महिन्यांसाठी म्हणूनच, आणि तसं दोघींनाही आत्ताच सांगा. हिचा पगार त्या काळात चालू ठेवा. जमत नसेल तर निम्मा ठेवा. कायदा तुम्हाला विचारायला येणार नाही, मी विचारतेय.

आणि ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवा. पोळ्या बसूनही लाटता येतात.